कुळथाचं कढण

तलासरी, जि. ठाणे
बुधवार, १७ नोव्हेंबर १९६५

दादा,

आधी एक दुरुस्ती. परवाच्या पत्रात मी लिहिलं की हर्श साहेब पोटभर जेवले, दोनदा भात घेतला. दोनदा भात घेतला हे खरं आहे. पण पोटभर जेवले हे खरं नाही. त्यांनी भात आणि वर मीठ, एवढंच खाल्लं. माशाला हात लावला नाही. पत्र टाकून शाळेत गेले आणि दिवसभर मुलांना बेरजा सांगताना तेच डोक्यात घोळत राहिलं. पुन्हा आंतर्देशीय चालत नाही परदेशाला, म्हणून हे महागाचं पाकीट.

तूही जरा समजून घे. आठ वर्षांत तुझी पत्रं सात. बाबा गेले तेव्हाचं सहा ओळींचं. आणि आता एकदम चार पानं, तीही कशासाठी? तर तू हैफाच्या ज्या कारखान्यात काम करतोस तिथले मोठे मिस्त्री हर्श साहेब डहाणूला बर्फाच्या कारखान्याचं यंत्र बसवायला सहा आठवडे येताहेत, त्यांच्या मुलीशी, हान्नाशी, तुला लग्न करायचंय, आणि ते म्हणतात, 'हिंदुस्थानातले हे तुमचे लोक काय खातात, काय पाळतात, ते मी डोळ्यांनी बघेन आणि मग हो म्हणेन.' आणि त्या अख्ख्या प्रदेशात आपल्या ज्यू लोकांतलं माणूस कोण? तर तलासरीच्या शाळेतली मिल्का वाकरुळकर. म्हणजे तुझं लग्न माझ्या कालवणात येऊन पडलं. मला कोणी विचारलं?

तुला वाटत असेल तलासरी आणि डहाणू म्हणजे पेण आणि पेणला लागून असलेलं वाशी. तसं नाही. सकाळी सातच्या एस.टी.ने चारोटीला उतरायचं, तिथे तास-दीड तास दुसऱ्या गाडीची वाट बघायची, मग डहाणू. बाजारातून मासळी घ्यायची आणि मागे सरावलीला यायचं. तिथल्या चिकूच्या वाडीत एका इराणी शेटच्या बंगल्यात साहेब उतरलेत. शेटचा स्वयंपाकी नारू चांगला माणूस आहे, पण त्याच्या भांड्यांत सगळंच शिजतं, म्हणून साहेब त्याच्याकडून फक्त अंडी घेतात, तीही स्वतःच्या छोट्या पातेलीत उकडून. घरून आणलेले माशांचे डबे मुंबईला उतरेपर्यंत फुगले. तेव्हापासून अंडी, केळी आणि चिकू. माणूस पिवळा पडलाय.

मी त्यांच्यासाठी नवा कोरा टोप घेतला. माझ्या भांड्यांत कधी काही वावगं शिजलेलं नाही, तरी नवाच घेतला, कारण मला नंतर झोप लागत नाही. टोप, पाटा नको म्हणून घरूनच वाटून घेतलेलं वाटण, नारळ, तांदूळ, सगळं पिशवीत घालून एस.टी.त बसले. कंडक्टर देवजी म्हणतो, "बाई, शाळा सोडून भांडी विकायला लागल्या काय? अर्धं तिकीट टोपाचं पडेल." सगळी गाडी हसली.

कालवण चांगलं झालं होतं. साहेबांनी ताटाकडे बघितलं. पांढरं कालवण बघून विचारलं, "दूध?" मी म्हटलं, नारळ. त्यांनी नारळ बघायला मागितला. मी करवंटी दाखवली. मग पापलेटाचा तुकडा काट्याने उलटा केला, सुलटा केला. "याला खवले नाहीत," म्हणाले. मी म्हटलं, आहेत. "कुठे?" मी म्हटलं, होते. मासळीवालीने काढले. त्यांनी मीठ पुढे ओढलं. दुसऱ्यांदा भात घेतला, बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणून.

मला वाईटच वाटलं. बाबांनी मला शाळेत घालायच्या आधी घरी बसवून जे शिकवलं, त्यात पहिली अक्षरं नव्हती, पहिलं होतं 'पर आणि खवले', दोन्ही असतील तोच मासा खायचा. मुशी नाही, शिंगाळा नाही, कोलंबी नाही, खेकडा नाही. आणि हजारो मैलांवरून आलेला एक माणूस माझ्या ताटातला मासा उलटासुलटा करतो! पापलेटाचे खवले बारीक असतात, जाळ्यातच निम्मे झडतात, आणि उरलेले विकणारी खरवडून टाकते. हे त्याला इंग्रजीत कसं सांगायचं?

पुढच्या रविवारी पुन्हा जाते. आता मासा खवल्यांसकट नेते.

मिल्का


तलासरी
सोमवार, २२ नोव्हेंबर १९६५

दादा,

खवल्यांसकट मासा मिळणं सोपं नाही, हे आता मला कळलं.

डहाणूच्या बाजारात मी जिच्याकडून मासळी घेते ती जमुना, नरपडची. तिचे दोन मुलगे होडीवर असतात. ती सकाळी टोपली घेऊन बसते आणि एकदा का गिऱ्हाईक ठरलं की मासा हातात घेऊन, बोलता बोलता, सुरीने सरसर साफ करून टाकते. तुम्ही पैसे काढेपर्यंत मासा गुळगुळीत. हा तिचा मान आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला घाण मासा द्यायचा नाही. अनोळखी असेल तर तसाच देते.

मी गेले आणि आधीच ओरडले, "जमुनामावशी, सुरी लावू नकोस!"

तिने सुरी खाली ठेवली. "का गो बाय? माझी सुरी विटाळली?"

"तसं नाही. मला खवल्यांसकट पाहिजे."

"खवले खाणार?"

"खाणार नाही. दाखवायचे आहेत."

"कोणाला?"

"साहेबांना."

तिने शेजारच्या बायकांकडे बघितलं. "ऐकलं का गो? साहेबाला खवले बघायचेत. मासा नाय, खवले." मग माझ्याकडे वळून, एकदम लागल्यासारखं, "तीन वर्षं माझ्याकडनं घेतेस. एकदा तरी शिळा दिला? आज माझ्या हातचं साफ केलेलं चालत नाय तुला. बाटलीबिटलीस काय कुठे?"

मी समजावायला गेले की आमच्या धर्मात असं आहे. ती म्हणाली, "तुझा धर्म तीन वर्षं कुठे होता?" आता सांग, काय उत्तर देऊ? तीन वर्षं तिचा मासा मी ओळखते, तो खवल्यांचाच असतो, म्हणून बघायची गरज पडली नाही. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "तर मग साहेबाला सांग, जमुना ओळखीची आहे." तिला ते एवढं सोपं वाटलं.

रागात तिने पापलेट दिलाच नाही. शेजारणीकडून मी रावस घेतला, डोकं, शेपटी, खवले सगळं असलेला, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून सरावलीला नेला. साहेबांना अंगणात बोलावून खवले दाखवले. त्यांनी चष्मा लावून बघितले, मान हलवली. मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी विचारलं, "हा तुम्ही आज मला दाखवायला आणलात. मागचा तोच होता का?" मी म्हटलं, नाही, तो वेगळा मासा होता, पण त्यालाही होते. "मग तो का दाखवला नाहीत?"

दादा, तू या माणसाच्या हाताखाली काम कसं करतोस?

रावस त्यांनी खाल्ला, एक तुकडा, औषधासारखा. मग प्रश्न. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी. "त्यांना?" त्यांच्या वडिलांनी. "त्यांना?" मी म्हटलं, साहेब, असं आपण आमचे पूर्वज होडी फुटून किनाऱ्याला लागले तिथपर्यंत जाऊ शकतो, पण संध्याकाळची गाडी चुकेल. ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

धर्माचं पुस्तक नव्हतं आमच्याजवळ शेकडो वर्षं, हे मी त्यांना सांगितलं. मासा, शनिवार, मुलांची सुंता आणि एलियाहू नबीचा मलिदा, एवढंच हातात राहिलं, आणि ते आम्ही सोडलं नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून गावाने आम्हाला नावच ते दिलं, शनिवार तेली. बाबा पावसातसुद्धा शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सोडायचे. साहेबांना हे पटलं की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळत नाही. त्यांच्या तोंडावरून काहीच कळत नाही.

तुझं पत्र आलं. 'प्रेमाने वाग' असं लिहिलंयस. तू तिथे कुठल्याही दुकानात जाऊन बिनधास्त खातोस, कारण विचार करायचं काम दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं. तू परदेशात गेलास म्हणतात सगळे. खाण्याच्या बाबतीत परदेशात मी आहे. दीड वर्षं मटण चाखलेलं नाही, कारण आपल्या रीतीने कापणारा इथे कोणी नाही. मी कोणाला चार पानं लिहिली नाहीत.

अंग कसकसतंय. चारोटीला उन्हात उभी राहिले त्याचं असेल.

मिल्का


तलासरी
सोमवार, ६ डिसेंबर १९६५

दादा,

आता आनंदाची बातमी, आणि मी ती रागाशिवाय लिहायचा प्रयत्न करणार आहे.

मागच्या पत्रानंतरचा पूर्ण आठवडा मी तापाने पडून होते, २८ तारखेचा रविवार चुकला. शेजारची तानी, जी माझं पाणी भरते, तिने सगळं केलं. कपाळावर पट्ट्या, पाय चेपणं, आणि दिवसातून दोनदा कुळथाचं गरम कढण. चौथ्या दिवशी मी उठून बसले. तिचं माझं नातं काही नाही, तिच्या घरात स्वतःची चार तोंडं आहेत, तरी ती माझ्या उशाशी बसून राहिली. हे लिहून ठेवते, कारण आपल्या नातेवाइकांत असं कोणी केलं असतं असं मला वाटत नाही.

काल गेले. साहेब स्वतः मला घ्यायला बाजारात आले होते, कारखान्याच्या जीपमधून. बहुतेक अंड्यांचा कंटाळा. त्यांच्या अंगात गडद निळा कामाचा कोट होता. मी त्यांना घेऊन सरळ जमुनासमोर उभी राहिले. म्हटलं, आता तुम्हीच एकमेकांशी बोला, मी दमले.

जमुनाने त्यांना खालून वर बघितलं. "हाच का तो खवलेवाला?"

मी म्हटलं, हाच.

"त्याला म्हणावं, हात पुढे कर."

मी सांगितलं. साहेबांनी हात पुढे केला. जमुनाने टोपलीच्या तळातून, बर्फाखालून, मोठा सरंगा काढला. पापलेटाला ती सरंगाच म्हणते. नुकता होडीवरून आलेला. तिने तो शेपटीला धरला आणि साहेबांच्या कोटाच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत एकदा, दोनदा, घसाघसा घासला. आख्खा बाजार बघत होता. बाहीवर चांदीचा चुरा पसरावा तसे खवले चिकटले, बारीक, गोल, शेकड्याने.

"घे, मोज आता," जमुना म्हणाली. "मोजून झाले की सांग. मी बसलेच आहे."

मला वाटलं, संपलं. दादाचं लग्न या बाहीवर संपलं. साहेबांनी बाही डोळ्यांजवळ नेली. नखाने एक खवला उचलला, उजेडात धरला. आणि मग ते हसले, दादा. एवढे हसले की चष्मा काढावा लागला. त्यांनी जमुनाला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "पुरे, पुरे. पुढच्या वेळी धुतलेला कोट घालून ये, मुशीच घासते." हे मी त्यांना भाषांतर करून सांगितलं नाही.

मग जमुनाने विचारलं, "आता तरी साफ करून देऊ?" मी हो म्हटलं. तिने एवढ्या प्रेमाने साफ केला की जणू लेकीची वेणी घालत होती.

साहेबांनी तीन तुकडे खाल्ले. कालवण वाटीने प्यायले. टोप पुसून घेतला. मग हात धुऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी चाळीस बंदरांत यंत्रं बसवली. मासा सगळीकडे मिळतो, अंडी सगळीकडे मिळतात. मिळत नाही ते एवढंच, ज्याच्या शब्दावर डोळे मिटून जेवावं असं माणूस. मी तुम्हाला फार त्रास दिला. आता विचारणार नाही. आज रात्री मी घरी लिहितो."

काय लिहिणार हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "लिहितो की मुलाची बहीण जे म्हणते ते असतं."

तर झालं तुझं काम. आता तरी पत्राला पत्र लिही. आणि हान्नाला म्हणावं, तुझ्या वडिलांच्या कोटाची बाही धुऊ नकोस.

मिल्का


तलासरी
गुरुवार, ९ डिसेंबर १९६५

दादा,

मागच्या पत्रात मी कुळथाचं कढण लिहिलं ते चूक आहे. ते कुळथाचं नव्हतं.

आज सकाळी मी तानीला विचारलं, "कुळीथ कुठून आणलेस गं? माझ्या डब्यात तर नव्हते. तुझे परत करते."

ती म्हणाली, "कसले कुळीथ?"

"तापात मला कढण पाजत होतीस ते."

"ते व्हय. कुळीथ कशाला? खेकडं व्हतं. ओहळावरनं ताजं पकडून आणलं, वाटलं, गाळलं. तापाला त्याच्यापरीस दुसरं काय नाय, बाय."

म्हटलं, "मी तुला विचारलं होतं. तू हो म्हणालीस."

"तुमी डोळं मिटून विचारलं, कुळथाचं का गं? म्या म्हटलं, हो, प्या. आजारी मानसासंगं वाद घालायचा का?"

दादा, माझ्या पोटात गेलं ते गेलं. मला माहीत नव्हतं, मी आजारी होते. बाबा म्हणायचे, जीव जात असेल तर सगळं माफ. माझा काही जीव जात नव्हता, पण ते राहू दे. मी दुसरंच विचारलं. म्हटलं, "तानी, शिजवलंस कशात?"

तिने फळीवरच्या नव्या टोपाकडे बोट दाखवलं.

"तो मी बांधून ठेवला होता ना?"

"म्हणून तर. मोठ्या मानसासाठी ठेवलाय तो. तुमी काय लहान हाय?" आणि वर कौतुकाने, "त्या टोपाला गुण हाय बाय. तुमी उठलात का नाय?"

तिने माझ्याकडचं सगळ्यात चांगलं भांडं घेतलं, माझ्यासाठी. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

म्हणजे असं झालं: साहेबांनी माशाचा एकेक खवला तपासला, नारळाची करवंटी तपासली, माझ्या आजोबांचे आजोबा तपासले. आणि ज्या दिवशी ते म्हणाले की आता विचारत नाही, त्याच दिवशी ते खेकड्याच्या टोपातलं जेवले. तो टोप त्यांनी पुसून घेतला, दादा.

टोप तानीने तेव्हाच राखेने दोनदा धुऊन पुन्हा तसाच बांधून ठेवला होता. नुसतं धुऊन भांडं शुद्ध होत नाही हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. आज मी तो मोठ्या घमेल्यात बुडवून उकळला, बाबा करायचे तसा. पण पाच तारखेला तो उकळलेला नव्हता.

मी त्यांना सांगायला पाहिजे. आजच लिहिणार होते. मग वाटलं, लग्न तुझं आहे, त्यांनी घरी लिहूनही टाकलं असेल, तुला न विचारता मी असं करू नये. म्हणून तुझ्या उत्तराची वाट बघते. ते २७ तारखेला सोमवारी सकाळी डहाणू रोडहून मुंबईला आणि तिथून बोटीने निघणार आहेत. त्याच्या आधी तुझं उत्तर आलं पाहिजे. हे पत्र मी स्वतः डहाणूला जाणाऱ्या देवजीच्या हातात देते, म्हणजे एक दिवस वाचेल.

मिल्का


तलासरी
शुक्रवार, २४ डिसेंबर १९६५

दादा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. शनिवारचा दिवा लावायला तास-सव्वा तास आहे, त्याच्या आत हे संपवायचं आहे. नंतर उद्या दिवस मावळेपर्यंत लेखणी हातात धरता येणार नाही, आणि तोवर माझा धीर टिकेल की नाही सांगता येत नाही.

तू लिहितोस, गप्प राहा. लिहितोस की तू तिथल्या एका जाणत्याला, नाव न घेता, विचारलंस, आणि तो म्हणाला, टोप धुऊन एक दिवसाहून जास्त रिकामा ठेवला असेल, आणि शिजवणाऱ्याला माहीत नसेल, तर एकदा शिजून झाल्यावर ते अन्न निषिद्ध ठरत नाही. म्हणून काही घडलंच नाही, म्हणून सांगण्यासारखं काही नाही. आणि हान्नाच्या आईने लग्नाचे कपडे शिवायला घेतलेत, आणि आता मी तोंड उघडलं तर तिच्या घरचे म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतोच, हे लोक.

टोप धुऊन पाच दिवस पडून होता, हे खरं आहे. जाणत्याचं म्हणणं वाचून मला बरं वाटलं, मी खोटं बोलणार नाही. पण मग एक सांग. निषिद्ध नसेल, तर सांगायला भीती कसली? आणि सांगायची भीती वाटत असेल, तर काहीतरी आहेच ना? दोन्ही एकदम कसं चालेल? तू लहानपणीही असंच करायचास. आंबा पाडला नाही म्हणायचास, आणि पाडलेला कच्चाच होता म्हणायचास.

साहेबांनी घरी काय लिहिलं ते तू वाचलंस? त्यांनी असं नाही लिहिलं की मासा योग्य होता. त्यांनी लिहिलं, मुलाची बहीण म्हणते ते असतं. टोप पाच दिवसांनी शुद्ध होत असेल. शब्दाला तशी सोय कुठे आहे?

आणि मी या पंधरा दिवसांत आणखी दोनदा खोटं बोलले. १२ तारखेला देवजीबरोबर चिठ्ठी पाठवली, शाळेत तपासणी आहे, येता येत नाही. तपासणी नव्हती. १९ तारखेला लिहिलं, पुन्हा अंगात कसर आहे. नव्हती. त्यावर साहेबांनी काय केलं माहीत आहे? करंडीभर चिकू पाठवले, तापाच्या गोळ्या पाठवल्या, आणि चिठ्ठी: 'मी पुन्हा अंड्यांवर आहे. आजपर्यंत एकशे चौदा. तुम्ही विश्रांती घ्या.' जमुनाने त्यांना मासा विकत द्यायला स्वतःहून नारूला निरोप धाडला होता. त्यांनी सांगितलं, मिल्काबाई बऱ्या होईपर्यंत थांबतो, दुसऱ्याच्या हातचं नको.

मी चिकू खाल्ले नाहीत. शाळेत वाटले.

आज तानीला सगळं सांगितलं. आधी का सांगितलं नाही म्हणून ती रागावली. म्हणाली, "खेकड्याचा एवढा इटाळ? मला सांगायचं व्हतं. म्या तुमच्या सगळ्या भांड्यांची नावं पाठ केली असती." मग थोड्या वेळाने, "म्या येते संगं. तुमी एकट्या सांगाल ते अर्धंच सांगाल. ताप उतरला, ते कोण सांगेल?" तिने एस.टी.त बसून डहाणू कधी बघितलेलं नाही. न्यावं की नाही याचा मी विचार करत होते, पण ती लुगडं धुवायला गेलीसुद्धा.

दुरुस्त्या करायला बसलेच आहे, तर आणखी एक आहे. ती टोपाहून जुनी आहे. तीन वर्षांपूर्वी बाबा गेल्याचं पत्र मी तुला लिहिलं, त्यात शेवटी लिहिलं होतं, 'त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही.' ते खोटं होतं. शुक्रवारची दुपार होती. ते दोन दिवस बोलले नव्हते. मग उठून बसायला लागले आणि दाराकडे बघून म्हणाले, "एलिया, बैल सोड रे. दिवस मावळला." मी म्हटलं, सोडला बाबा. ते पुन्हा म्हणाले, "एलियाला म्हणावं, राहू दे ते तेल. घरात ये." मग निजले.

मी ते तुला लिहिलं नाही, कारण मी पाच वर्षं त्यांचं केलं आणि त्यांनी हाक तुला मारली. मला वाटलं, हे तुला मिळता कामा नये. तुझं ते सहा ओळींचं पत्र बघून मी मनात म्हणायचे, बरोबरच केलं. आता वाटतं, मी पूर्ण पत्र लिहिलं असतं तर तूही सहा ओळी लिहिल्या नसत्यास. ते मी तुझं ठेवून घेतलं होतं. आता देते.

आता तू रागाव. टोपाबद्दल रागाव, बाबांबद्दल रागाव, दोन्हींसाठी एक पाकीट पुरेल. पण मला गप्प राहा म्हणू नकोस. मी एकदा गप्प राहून बघितलंय. तीन वर्षं झोप लागली नाही.

साहेब काय म्हणतील ते मला माहीत नाही. त्यांच्या तोंडावरून कळत नाही हे तुला माहीतच आहे. कदाचित तुझा जाणता सांगतो तेच ते सांगतील आणि मला वेडी म्हणतील. कदाचित त्याच पायरीवर बसून घरी दुसरं पत्र लिहितील. तसं झालं तर हान्नाला सांग, माझ्यामुळे झालं, आणि हेही सांग की तिच्या वडिलांना मी फसवलं नाही.

सूर्य झाडांच्या शेंड्यांना लागला. तानी पाणी घेऊन आली. दिवा पुसून ठेवला आहे.

परवा सातच्या गाडीला आम्ही दोघी असू, आणि टोप. बाजारात जमुनाकडे थांबायचं नाही, मासा घ्यायचा नाही, सरावलीला उतरून सरळ बंगल्यावर जायचं. आधी टोप त्यांच्यासमोर ठेवायचा, मग बोलायचं. सोमवारी ते निघतात, म्हणजे मला हाच एक दिवस आहे: रविवार, २६ डिसेंबर.

मिल्का